दात काढायचाच आहे, मग हाडाची भानगड कशाला?

पत्र देवगड तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं आहे. वय ४४. शाळेत असताना पडल्यामुळे वरचा समोरचा एक दात दुखावला. पुढे त्याचं रूट कॅनाल झालं, कॅप बसली आणि वीसेक वर्षं तो निभावला. आता मुळाला उभी चीर गेली आहे. हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा येते. कणकवलीच्या डॉक्टरांनी दात काढावाच लागेल असं सांगितलं. काढल्याबरोबर त्या पोकळीत बोन ग्राफ्टची, म्हणजे हाडाच्या भरावाची, पावडर भरू आणि चार-पाच महिन्यांनी इम्प्लांट, म्हणजे नवा दात पेलणारा स्क्रू, जबड्याच्या हाडात बसवू, असंही ते म्हणाले. पावडरीचे वेगळे बारा हजार. यजमानांचं म्हणणं, "दात काढूचो तर काढ, हाडाची भानगड कित्याक?" जवळच्या बाजारपेठेत काही शेकड्यांत दात निघतो, इम्प्लांटचं आंब्याचे पैसे आल्यावर जूनमध्ये बघू. त्यातच ती पावडर गाईच्या हाडाची असते असं कळलं. ताई माळकरी आहेत, सासूबाईसुद्धा. पत्राच्या शेवटी जाता जाता 'सकाळी थोडी मिश्री लावते' अशीही एक ओळ आहे. त्यांचा प्रश्न असा: हे खरंच लागतं, की डॉक्टर बिल वाढवताहेत? नको म्हटलं तर पुढे इम्प्लांट बसणारच नाही का?

ताई,

फसवणुकीची शंका आधी काढून टाकू. दात काढल्यावर जबड्याचं हाड जपण्यासाठी पोकळी भरून ठेवणं हा सर्वमान्य उपचार आहे, तुमच्या डॉक्टरांनी तो शोधून काढलेला नाही. पण तो प्रत्येक दाताला, प्रत्येक माणसाला लागतोच असंही नाही. कुठला दात, त्या जागी पुढे काय बसणार आणि कधी, या तिन्हींची उत्तरं मिळाल्याशिवाय बारा हजार जास्त की कमी हे ठरवता येत नाही. तुमच्या पत्रात दाताचं उत्तर आहे. बाकी दोन अर्धवट आहेत.

यजमानांचा हिशेब वरवर सरळ दिसतो. दात काढणं हे आजचं काम, इम्प्लांट हे जूनचं काम, आजचे पैसे आज आणि जूनचे जूनमध्ये. पण हा हिशेब धरून चालतो की मधल्या महिन्यांत ती जागा आहे तशीच राहील. ती राहत नाही.

दाताच्या मुळाभोवती हाडाचा जो पातळ थर असतो, तो दातासाठीच असतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतू असतात. चावताना येणारा ताण त्यांच्यातून हाडाला पोहोचतो आणि त्यांच्यातल्या रक्तवाहिन्या हाडाचं पोषणही करतात. दात निघाला की तंतू गेले, आणि त्यांच्यावर जगणारा तो थर शरीर हळूहळू विरघळवून टाकतं. वरच्या समोरच्या दातांत ओठाकडची हाडाची भिंत मुळातच नखाएवढी पातळ असते, बहुतेकांची एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. ती जवळजवळ सगळी त्या दातावरच अवलंबून असते, म्हणून सर्वांत आधी तीच जाते. वरून बघाल तर खड्डा भरलेला दिसतो, हिरडी गुलाबी दिसते, सगळं छान बरं झालंय असं वाटतं. बाजूने बघितलं की कळतं, ओठाखालचा उंचवटा आत बसलाय.

किती बसतो? दाढांच्या भागात केलेल्या एका नावाजलेल्या अभ्यासात वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्म्याने कमी झालेली दिसली, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. माणसागणिक यात फरक पडतो. पण घट सुरुवातीलाच जास्त होते, हे जवळपास सगळ्याच अभ्यासांत दिसतं. म्हणजे आत्ता काढून जूनपर्यंत थांबायचं, तर तुम्ही नेमका तोच काळ मोकळा सोडणार.

आता दुसरी बाजू. ही बाजू दवाखान्यात बऱ्याचदा घाईत सांगितली जाते. ग्राफ्ट भरल्याने हाड झिजायचं थांबत नाही, झीज कमी होते. किती कमी? कॉक्रेन ही संस्था जगभरातले अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या २०२१ च्या आढाव्यात नुसता दात काढण्यापेक्षा ग्राफ्ट भरल्यावर रुंदीत आणि उंचीत सरासरी एक मिलिमीटरहून थोडं जास्त हाड वाचलेलं दिसलं, आणि हा पुरावा फार भक्कम नाही असंही त्यात नोंदवलं आहे. इम्प्लांट टिकण्या-न टिकण्यात ठळक फरक काही दिसला नाही. म्हणून 'ग्राफ्ट केलं नाही तर इम्प्लांट बसणारच नाही' असं कुणी म्हणालं, तर ते वाक्य तसं खरं नाही. बसतं. पण मग इम्प्लांट बसवताना हाड वाढवायची वेगळी शस्त्रक्रिया लागायची शक्यता वाढते आणि ते काम दात काढतानाच्या भरावापेक्षा अवघडही असतं, महागही. उलट ग्राफ्ट करूनही इम्प्लांटच्या वेळी थोडं हाड पुन्हा घालावं लागलं, असंही होतं. तेव्हा 'मग आधी कशाला घेतले पैसे' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. ही शक्यता त्यांच्याकडून आत्ताच ऐकून घ्या.

एक मिलिमीटरसाठी एवढं? समोरच्या दाताला, हो. तिथलं इम्प्लांट साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर जाडीचं असतं आणि त्याच्या पुढे-मागे दीड-दोन मिलिमीटर हाड उरावं लागतं. म्हणजे एकूण सातेक मिलिमीटर. एवढ्या अरुंद जागेत एक मिलिमीटर कमी पडला तर हिरडी खाली धरत नाही, वर सरकते. मग नवा दात शेजारच्यापेक्षा लांब दिसतो, हिरडीतून करडी छटा डोकावते. खालच्या दाढेत तोच एक मिलिमीटर पुष्कळदा कुणाला कळतही नाही. हेच पत्र खालच्या दाढेसाठी आलं असतं, तिच्या भोवतीच्या भिंती शाबूत असत्या आणि दोन-तीन महिन्यांत इम्प्लांट ठरलं असतं, तर मी कदाचित म्हटलं असतं, पावडर राहू द्या.

आता मी तुम्हाला विचारतो. इम्प्लांट तुम्ही ठरवलंय, की डॉक्टरांनी म्हटलं म्हणून धरून चाललाय? कारण दुसरे मार्ग आहेत. शेजारचे दोन दात घासून पक्का ब्रिज, म्हणजे त्या दोघांच्या आधाराने मध्ये टांगलेला दात, करता येतो. शेजारचे दात धडधाकट, कधी न किडलेले असतील तर मला तो मार्ग आवडत नाही, पण त्यांना आधीच मोठी फिलिंगं किंवा कॅप असतील तर तो अगदी शहाणपणाचा. दुसरा प्रकार पंखाच्या ब्रिजचा. एका शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला पातळ पंख चिकटवून त्यावर नवा दात टांगतात. घासायला फारसं लागत नाही, खर्च इम्प्लांटपेक्षा बराच कमी, आणि समोरच्या एका दातासाठी तो चांगला टिकतो. अट एवढीच की खालचे दात त्यावर जोरात आपटता कामा नयेत आणि पेरू, ऊस समोरच्या दातांनी तोडायची सवय सोडावी लागते. आपल्याकडे तो कमी केला जातो. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. आणि काढता-घालता येणारा दात तर आहेच.

इम्प्लांट कधीच करायचं नसेल तर पावडरीची गरज बरीचशी संपते. बरीचशी म्हणालो, कारण ब्रिजमध्येसुद्धा आत बसलेल्या हिरडीवर टांगलेला दात हसताना खाली काळी फट दाखवतो. तुम्ही हसताना हिरडी दिसते का, हे आरशात बघा. दिसत नसेल तर ही काळजी सोडून द्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: त्या जागी पुढे काय बसणार हे ठरल्याशिवाय दात काढायची तारीख घेऊ नका.

मात्र ठरवायला वर्ष लावू नका. उभी चीर गेलेलं मूळ वाचत नाही. चिरेतून जंतू आत जातात आणि ओठाकडची तीच पातळ भिंत आतून पोखरतात. ती पुटकुळी त्याचीच खूण. 'दुखत नाही ना, मग राहू दे मेपर्यंत' असा विचार कराल तर ज्या हाडासाठी आपण एवढी चर्चा करतोय ते दात तोंडात असतानाच जाईल. पंधरा दिवस, फार तर महिना घ्या. तोंड सुजलं किंवा ताप आला, तर तोही घेऊ नका.

काढण्याआधी त्या जागेचा थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, करून घ्या. साध्या एक्स-रेत ओठाकडची भिंत दिसतच नाही, कारण ती दाताच्या सावलीत जाते. सीबीसीटीत दाताचा बाजूने काप दिसतो. ओठाकडे एक बारीक पांढरी रेघ सलग आहे की मध्येच तुटली आहे, हे तुम्हाला स्वतःला बघता येईल. भिंत शाबूत असेल तर पोकळी भरून ठेवण्याचा मार्ग चांगला चालतो. अर्धी गेलेली असेल, किंवा त्या दिवशी पू भरलेला असेल, तर काही डॉक्टर नुसता दात काढून पोकळी खरवडून स्वच्छ करतात, हिरडी भरून यायला सहा-आठ आठवडे देतात आणि मग इम्प्लांट व हाडाचा भराव एकाच वेळी करतात. हाही मान्य मार्ग आहे. तुमच्या बाबतीत यातलं कुठलं, आणि का, हे विचारा. काढल्या दिवशीच इम्प्लांट बसवू असं कुणी सुचवलं, तर चिरेच्या आणि पुवाच्या दाताला ते फार निवडून करायचं काम आहे एवढं लक्षात असू द्या.

दात कसा काढला जातो याने पावडरीइतकाच फरक पडतो, आणि हे कुणी विचारत नाही. हलवून, ताकद लावून उपटला की ती पातळ भिंत दातासोबतच तुटून येते. मग वर महागडी पावडर भरून काय उपयोग? पातळ पात्याचं हत्यार मुळाच्या कडेने हळूहळू सरकवत, तंतू सोडवत, हिरडी न फाडता तो काढायचा असतो. बाजारपेठेतल्या डॉक्टरांना हे जमत नाही असं मी म्हणत नाही, पुष्कळांना उत्तम जमतं. पण शेकड्यांतल्या दरात आणि बाहेर दहा माणसं बसलेली असताना तेवढा वेळ ते देणार का, हा प्रश्न आहे. त्यांना जाऊन सांगा: पुढे इम्प्लांट करायचंय, भिंत सांभाळून काढाल का? निवांत वेळ द्यायला तयार असतील तर त्यांच्याकडेही काढायला हरकत नाही.

दात नसताना चार-पाच महिने कसे काढायचे ही काळजी तुम्ही लिहिलेली नाही, पण ती असणारच. समोरचा दात आहे. काढलेल्या तुमच्याच दाताचं मूळ कापून वरचा भाग शेजारच्या दातांना मागून चिकटवून देता येतो, किंवा तात्पुरता दात करता येतो. तो खालच्या भरलेल्या जागेवर दाबत नाही ना, हे मात्र दर भेटीत बघायला सांगा.

आता आंब्याचा हिशेब. तुमचं पत्र मोहोराच्या दिवसांतलं आहे. महिन्याभरात दात काढून पोकळी भरलीत, तर इम्प्लांटची वेळ जूनच्या आसपासच येते, म्हणजे यजमान म्हणतात तेव्हाच. मोठा खर्च तेव्हाच करायचा आहे, आत्ता फक्त काढणं आणि भराव. इम्प्लांटवर कॅप बसायला आणखी तीनेक महिने धरा. गणपतीत मुंबईकर येतील तेव्हा तोंडात कदाचित तात्पुरताच दात असेल. चालेल, कुणाला कळणार नाही.

गाईच्या हाडाबद्दल. तुम्हाला कळलं ते खरं आहे. जगभर फार वापरलं जाणारं ग्राफ्ट गुरांच्या हाडापासूनच करतात. त्यातला सगळा जैविक भाग उष्णतेने आणि रसायनांनी काढून टाकतात, मागे फक्त खनिजाचा सांगाडा राहतो. शास्त्राच्या दृष्टीने त्यात आक्षेपार्ह काही नाही. पण गळ्यात माळ असलेल्या बाईला शास्त्र सांगून गप्प करणं मला पटत नाही, आणि त्याची गरजही नाही. पर्याय आहेत. हायड्रॉक्सिॲपेटाइट किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट ही कॅल्शियमची संयुगं प्रयोगशाळेत तयार करतात, त्यात प्राण्याचा संबंध नाही. दुसरं, मानवी दात्याच्या हाडाचं ग्राफ्ट. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची टिश्यू बँक १९८८ पासून चालू आहे आणि तिथे किरणांनी निर्जंतुक केलेलं असं हाड तयार होतं. ते सासूबाईंना चालेल का, हे त्यांनाच विचारा. उत्तर काय येईल सांगता येत नाही, देहदान मानणारी माणसं वारकऱ्यांतही आहेत. तिसरं, स्वतःचं रक्त फिरवून काढलेला पीआरएफचा गोळा. त्याने हिरडी लवकर भरते, पण एकट्याने हाड धरून ठेवण्यात तो ग्राफ्टच्या मानाने कमी पडतो, म्हणून त्यालाच 'ग्राफ्ट' म्हणून पूर्ण पैसे कुणी लावत असेल तर विचारा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. पावडर कृत्रिम घेतली तरी तिच्यावर झाकायचा कोलॅजनचा पडदा पुष्कळदा डुकराच्या नाहीतर गुरांच्या ऊतीपासून केलेला असतो. विरघळणारा कॅटगट टाकाही प्राण्याच्या आतड्याचाच. म्हणून पावडर, पडदा आणि टाके, तिन्हींची विचारणा एकदम करा आणि आधी करा, खुर्चीत बसल्यावर नको. पडद्याच्या जागी पीआरएफ किंवा कृत्रिम पडदा वापरता येतो. ग्राफ्टच्या डबीवर नाव आणि बॅच नंबरचं स्टिकर असतं, ते तुमच्या फाइलवर लावून मागा. बारा हजारांत काय आलं याचाही तोच पुरावा.

आता ती शेवटची ओळ. ताई, मिश्री थोडी असो की फार, ती तंबाखूच आहे, भाजलेली. तुम्ही ती लावता कुठे? समोरच्याच दातांना, त्याच हिरडीला. निकोटिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला रक्त कमी पोहोचतं, आणि ताज्या पोकळीत बोट गेलं तर रक्ताची गुठळी आणि पावडर दोन्ही निघून येतात. मिश्री चालू ठेवून ग्राफ्ट करायचं असेल तर माझं स्पष्ट मत, ते बारा हजार घरी ठेवा. दात काढण्याच्या निदान दोन आठवडे आधी बंद करा आणि नंतर इम्प्लांट पक्कं होईपर्यंत तरी लावू नका. पहाटे मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, हे कोकणातल्या बायकांकडून मी आयुष्यभर ऐकत आलोय. तो त्रास खरा आहे, पण दोन-तीन आठवड्यांत बराच ओसरतो. एकट्याने जमत नसेल तर तंबाखूच्या पाकिटांवर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, त्यावर सल्ला मिळतो. तुमच्या डॉक्टरांना मिश्रीबद्दल सांगितलंय का? पत्रावरून तरी वाटत नाही.

दात काढल्यावर अर्धा-पाऊण तास कापूस घट्ट चावून धरायचा. त्या दिवशी चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. पेज प्या, पण कोमट करून. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून, त्याही हलक्या. वाळूसारखे एक-दोन कण जिभेवर आले तर घाबरू नका, थोडे निसटतातच. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, किंवा वास यायला लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

अशाच विचारात असलेल्या इतर वाचकांसाठी थोडं. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, आधी तपासा. ती आठच्या वर असेल तर ग्राफ्ट-इम्प्लांटची घाई नको. हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्याची गोळी किंवा वर्षाचं इंजेक्शन चालू असेल, तर कुठलाही दात काढण्याआधी ते सांगायलाच हवं, कारण क्वचित जबड्याचं हाड भरूनच न येण्याचा गंभीर त्रास होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. वरच्या मागच्या दाढा काढल्यावर वरची हवेची पोकळी, सायनस, खाली उतरते आणि इम्प्लांटला उंची उरत नाही, तिथे हाड जपण्याचा विचार जरूर करा. अगदी शेवटची दाढ गेली आणि बाकीच्यांनी नीट चावता येत असेल, तर तिथे काहीच न बसवणं हाही चांगला निर्णय असतो. हे कुणी सांगत नाही, कारण त्याचं बिल होत नाही.

आणि दुसरं मत घ्यायचं तर लाज नको. तुमच्याकडून गोव्यात बांबोळीचं सरकारी डेंटल कॉलेज गाठता येतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्यांना खेडचं योगिता डेंटल कॉलेज आहे. मुंबईत मुलाबाळांकडे जाणं होत असेल तर सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर. कॉलेजांत खर्च सहसा कमी येतो, पण खेपा वाढतात. देवगडहून चार खेपांचं भाडं, बागेत बुडालेला दिवस आणि राखणीला ठेवलेला माणूस हे धरून बघा, कधी कधी कणकवलीच स्वस्त पडते.

पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर न्या. सीबीसीटीवरची ती पांढरी रेघ डॉक्टरांना त्यांच्या समोर दाखवायला सांगा, आणि 'कित्याक' हा प्रश्न तिथे त्यांनाच विचारू दे.